गिरमिट : जुने आणि नवे

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात रामदासपेठ, नागपूर येथे दिलेले भाषण)



परदेशी नोकरीचे परवाने व त्यांचे बदलते नियम या विषयावर आम्ही चार शब्द बोलावेत अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने केली. आम्ही मॅट्रिक झालेले, प्राथमिक शाळेत सारी हयात घालविलेले सेवानिवृत्त शिक्षक. कायद्याची सनद आमच्यापाशी नाही आणि विमानप्रवासाचा अनुभव तर मुळीच नाही. तथापि गेली कित्येक वर्षे ज्ञातीतील मुले व त्यांचे वडील निरनिराळे कागद घेऊन आमच्या ओसरीवर येतात आणि "गुरुजी, एवढे वाचून सांगा" असे म्हणतात. कागद वाचता वाचता जे समजले तेच आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

आपण जातीचे सुतार. वाकस, रंधा, पटाशी आणि गुण्या ही आपली मिळकत. आपल्या हत्यारांत एक गिरमिटही असते. लाकडास भोक पाडण्याचे ते हत्यार या सभेतील प्रत्येक वृद्धाने हाताळलेले असेल. परंतु गिरमिट या शब्दाचा दुसराही एक अर्थ आहे. 'अ‍ॅग्रीमेंट' या इंग्रजी शब्दाचा उच्चार ज्यांना साधेना अशा आपल्याच देशातील गरीब मजुरांनी आपल्या कराराला गिरमिट म्हटले, आणि त्या करारावर परदेशी गेलेले लोक गिरमिटिये झाले. एक गिरमिट लाकूड पोखरते आणि दुसऱ्याने माणूस पोखरला जातो, असा विनोद आम्ही वर्गात करीत असू. मुले हसत, पण तो फारसा हसण्याचा विनोद नव्हता.

मॉरिशस बेटातील पोर्ट लुई बंदरात २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलास' नावाच्या जहाजातून ३६ हिंदी मजूर उतरले. गुलामगिरी कायद्याने बंद झाली, उसाचे मळे तर पडून राहावयाचे नाहीत, म्हणून मळेवाल्यांनी काढलेली ही तोड होती. पुढे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तिन्ही बंदरांतून माणसे गेली. मुंबईहून गेलेल्यांत कोकणपट्टीतील आपले मराठी लोक पुष्कळ होते. त्यांचे वंशज आजही त्या बेटावर आहेत आणि तेथील शाळांतून मराठी शिकविली जाते, ही गोष्ट आम्हा शिक्षकांस विशेष आनंदाची वाटते. परंतु ज्या कराराने ते गेले त्याचे स्वरूप पाहावे. करार वर्षानुवर्षांचा. ज्या मळेवाल्याच्या नावे माणूस दिला, त्याचेच काम त्याने करावयाचे. पगार पटला नाही, मुकादमाने मारले, तरी दुसरा मालक पाहण्याची सोय नाही. काम सोडणे हा साधा कराराचा भंग न समजता फौजदारी गुन्हा समजत. मुदत संपून मोकळा झालेला माणूससुद्धा आपले ओळखपत्र जवळ न बाळगता रस्त्यावर दिसला की भटक्या म्हणून त्याला पकडीत, आणि १८६७ च्या कायद्याने तर हा जाच अधिकच वाढला. मजुराच्या पोटापेक्षा त्याच्या पायांवर अधिक लक्ष ठेवणारी ही व्यवस्था होती.

तिच्याविरुद्ध कायदेमंडळात पहिला घाव घालणारा पुरुष आपल्या महाराष्ट्रातील होता, हे पुष्कळांस ठाऊक नसते. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी फेब्रुवारी १९१० मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात नाताळ वसाहतीकडे जाणारी मजूरभरती बंद करण्याचा ठराव मांडला. तो मान्य होऊन १९११ पासून ती भरती थांबली. १९१२ मध्ये त्यांनी ही पद्धतच सर्वत्र रद्द करावी असा ठराव आणला, तो मात्र सरकारी मतांच्या जोरावर पाडण्यात आला. १९१५ मध्ये गोखले निवर्तले. गिरमिटाची भरती प्रत्यक्ष थांबली ती १९१७ मध्ये, आणि १९२२ मध्ये देशांतराचा कायदा झाला. तोच कायदा स्वराज्य मिळाल्यानंतरही कितीतरी वर्षे चालू होता.

पुढे १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. आखाती देशांकडे पैशाचा ओघ सुरू झाला आणि त्या वाळवंटात नगरे उभी राहू लागली. नगरे उभी करावयाची म्हणजे गवंडी, सुतार, लोहार, वीजतंत्री आणि बिगारी हवेत. मुंबईत दलालांची दुकाने निघाली. विमानतळावर उतरल्यावर मालकच नाही, नोकरीच नाही, अशा हकीकती वृत्तपत्रांतून येऊ लागल्या. तेव्हा जुना कायदा अपुरा ठरून १९८३ चा देशांतर कायदा आला व त्या वर्षीच्या ३० डिसेंबरपासून तो अंमलात आला. या कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्यास 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' म्हणतात; आपण त्यास देशांतरितांचा संरक्षक म्हणू. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या दलालास सरकारी नोंदणी व बँकेची हमी द्यावी लागते. उमेदवाराकडून त्याने घ्यावयाची फी ३०,००० रुपये अधिक कर एवढीच आहे आणि तिची पावती देणे त्याला भाग आहे. आता आपल्यापैकी ज्यांनी मुलगा पाठविताना लाख, दीड लाख मोजले आहेत, त्यांनी मनात हिशेब करावा. सभेत हात वर करण्याचे कारण नाही.

या ठिकाणी थोडे थांबणे अवश्य आहे, कारण आमच्या मते विषयाचे मर्म येथेच आहे. पारपत्र दोन प्रकारचे. एकावर देशांतराची मंजुरी आवश्यक असल्याचा शेरा असतो, दुसऱ्यावर तो नसतो. १८ देश सरकारने नेमून दिले आहेत. त्यांत सौदी अरबस्तान, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, ओमान आणि बहरीन हे आखाती देश येतात, मलेशियाही येतो. शेरा असलेल्या माणसास त्या देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी संरक्षकाची मंजुरी लागते. ती मिळवावयाची म्हणजे 'ई-मायग्रेट' या सरकारी यंत्रणेत मालकाची नोंद हवी, करार हवा, विमा हवा. प्रवासी भारतीय विमा योजनेत २७५ रुपयांत दोन वर्षांचे व ३७५ रुपयांत तीन वर्षांचे संरक्षण मिळते, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लक्ष रुपये मिळण्याची तरतूद आहे. मुंबईच्या दलालाच्या चहापाण्यावर याहून अधिक खर्च होतो.

मग हा शेरा कोणाच्या पारपत्रावर नसतो? इतर काही वर्गांबरोबर जो दहावी उत्तीर्ण झाला आहे त्याच्या. म्हणजे आमच्यासारखा मॅट्रिक! सरकारचा तर्क असा की, दहावी शिकलेल्यास आपले हित कळते. आम्ही चौतीस वर्षे मुलांना दहावीच्या उंबरठ्यापर्यंत जाण्यास तयार केले आहे. त्या अनुभवावरून आदरपूर्वक सांगतो की, पस्तीस टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेल्या मुलास अरबी आणि इंग्रजीत छापलेल्या आठ पानी कराराचे मर्म कळत नाही. आम्हांसही ते दोन-तीनदा वाचल्यावाचून कळत नाही. परंतु शेरा नसणे हे आपल्या समाजात प्रतिष्ठेचे चिन्ह होऊन बसले आहे. "आमच्या मुलाला मंजुरीबिंजुरी लागत नाही" असे वडील अभिमानाने सांगतात. मंजुरी लागत नाही याचा अर्थ असा की तो कोठे गेला, कोणाकडे गेला, किती पगारावर गेला याची सरकारदरबारी नोंद नाही, आणि सक्तीचा विमाही नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने अशा लोकांचीही नोंदणी १ जानेवारी २०१९ पासून सक्तीची करण्याचे ठरविले होते. लोकांनी कुरकूर केली आणि ती सक्ती तहकूब झाली. नोंदणी ऐच्छिक राहिली. अहो, ऐच्छिक आहे म्हणून ती करावयाची नाही, असे कोणी सांगितले?

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील मुलाची हकीकत सांगतो. नावगाव सांगण्याचे प्रयोजन नाही. हात उत्तम, कोरीव दरवाजा करावा तर त्याने. शिक्षण दहावी. दलालाने आखातातील एका देशात 'कार्पेंटर' म्हणून लावून दिले. येथे तोंडी सांगितले ते फर्निचरचे काम आणि बंद खोलीतील कारखाना. तेथे गेल्यावर मिळाले ते सेंटरिंगचे, म्हणजे काँक्रीट ओतण्यासाठी फळ्या ठोकावयाचे, उघड्यावर, वैशाखाच्याही वरताण उन्हात. करारात शब्द 'कार्पेंटर' एवढाच होता, त्यामुळे कायद्याने बोलावयास जागा नव्हती. पारपत्र मालकाच्या कपाटात. मुलगा दुसरीकडे काम शोधील तर पहिल्या मालकाचे ना-हरकत पत्र लागे, आणि तो मालक म्हणे, "मी तुझ्यावर खर्च केला आहे." वडिलांनी सावकाराकडून काढलेले पैसे फेडण्यास त्याला एकोणीस महिने लागले. मुलगा सुखरूप परत आला आणि आज त्याचे येथेच चांगले चालले आहे. परंतु त्या एकोणीस महिन्यांत त्याच्या आईने काय भोगले, ते त्या गल्लीतील बायकांना ठाऊक आहे.

या पद्धतीस अरबी देशांत 'कफाला' म्हणतात आणि जामीन राहणाऱ्या मालकास 'कफील'. परदेशी मनुष्य कफिलाच्या जबाबदारीवर देशात येतो, त्याच्याच नावावर राहतो. पूर्वी तो त्याच्या परवानगीनेच नोकरी बदलू शके आणि काही देशांत तर देश सोडून घरी येण्यासही मालकाची चिठ्ठी लागे. मॉरिशसच्या मळ्याची आठवण व्हावी असाच हा प्रकार.

आता बदल कोणते झाले ते सांगतो. कतार देशाने जगज्जेतेपदाच्या फुटबॉल सामन्यांच्या निमित्ताने साऱ्या जगाची टीका ऐकून घेतल्यावर २०१८ पासून बहुतेक कामगारांसाठी देश सोडण्याची मालकाची परवानगी रद्द केली. २०२० च्या जानेवारीत घरकामगारांनाही ती सवलत दिली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नोकरी बदलण्यास लागणारे ना-हरकत पत्र काढून टाकले. २० मार्च २०२१ पासून किमान वेतन १,००० रियाल, आणि मालकाने जेवण व निवारा दिला नाही तर अनुक्रमे ३०० व ५०० रियाल अधिक, असा नियम सर्वांस लागू केला. सौदी अरबस्तानने १४ मार्च २०२१ पासून खाजगी कारखान्यांतील नोकरांस, कराराची मुदत संपल्यावर पहिल्या मालकाच्या संमतीवाचून दुसरीकडे जाण्याची व मालकास केवळ सूचना देऊन देशाबाहेर येण्याजाण्याची मुभा दिली. मात्र घरगुती नोकर, मोटारचालक, माळी आणि मेंढपाळ यांना त्यातून वगळले. ज्यांचा आवाज घराच्या भिंतीबाहेर जात नाही, नेमके तेच वगळले गेले, हे ध्यानात ठेवावे. संयुक्त अरब अमिरातीचा नवा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून चालू झाला. त्यात नोकराची कागदपत्रे अडकवून ठेवण्यास आणि भरतीचा खर्च त्याच्याकडून वसूल करण्यास मालकास मनाई आहे.

म्हणजे कागदावर पुष्कळ सुधारणा झाली, आणि ती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु कायद्याचा उपयोग ज्याला तो ठाऊक आहे त्यालाच. आपला मुलगा 'पारपत्र द्या' असे मालकास म्हणू शकतो, कारण १९६७ च्या आपल्या पारपत्र कायद्याप्रमाणे ते मालकाचे तर नाहीच, पण मुलाचेही नाही, ती भारत सरकारची मिळकत आहे. हे एक वाक्य जरी त्याला इंग्रजीत पाठ असले तरी त्याची पाठ ताठ राहील.

रामदासपेठेत रुग्णालयांना तोटा नाही, आणि आपल्या ज्ञातीतील अनेक मुली तेथे परिचारिका आहेत. त्यांच्याविषयीही दोन शब्द. वरील १८ देशांत जाणाऱ्या परिचारिकेस, पारपत्रावर शेरा असो वा नसो, मंजुरी घ्यावीच लागते, असा नियम २०१५ मध्ये झाला, कारण भरतीत लक्षावधी रुपये उकळले जात होते. इंग्लंडकडे पाहणाऱ्यांनी मात्र सावध असावे. तेथे वृद्धांच्या शुश्रूषेसाठी परदेशांतून सेविका घेण्याचा जो मार्ग होता, त्यातून येणाऱ्यांस ११ मार्च २०२४ पासून पती व मुले बरोबर आणण्यास बंदी झाली आणि २२ जुलै २०२५ पासून बाहेरून नवी भरतीच बंद केली गेली. यानंतरही कोणी दलाल तो परवाना मिळवून देतो म्हणू लागला, तर त्याला चहा पाजून निरोप द्यावा. चहाही न पाजला तरी चालेल.

मघाशी एका सद्गृहस्थांनी आम्हांस बाजूला घेऊन विचारले, "गुरुजी, आमच्या अमेरिकेतल्या जावयाचे काय?" ज्ञातीतील काही मुले अभियंते होऊन तिकडे गेली आहेत, त्यांच्या परवान्यास एच-१बी म्हणतात. १९९० च्या कायद्याने निर्माण झालेल्या या परवान्याची संख्या वर्षाला ६५,००० आणि तेथील उच्च पदवीधरांसाठी आणखी २०,००० इतकी ठरविलेली. अर्ज त्याहून कितीतरी अधिक येतात म्हणून सोडत काढीत. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षांनी फर्मान काढले की, नव्या अर्जाबरोबर मालकाने १,००,००० डॉलर भरावेत. त्या वेळच्या भावाने ही रक्कम ८८ लक्ष रुपयांच्या घरात गेली. फर्मान २१ तारखेपासून १२ महिन्यांसाठी होते. मधल्या दोन दिवसांत सुटीवर घरी आलेली मुले आईच्या हातचे ताट तसेच टाकून विमानतळाकडे धावली. नंतर खुलासा झाला की, ज्यांच्यापाशी आधीच परवाना आहे त्यांना व त्यांच्या नूतनीकरणास ही रक्कम लागू नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सोडतीचाही नियम बदलून अधिक पगाराच्या जागांस अधिक संधी देण्याचे ठरले.

जावईबापूंना ती रक्कम भरावी लागत नाही, ती मालकाची आहे. परंतु मनुष्य हवालदिल का झाला? कारण तेथेही परवाना मालकाच्या अर्जावर उभा आहे. नोकरी गेली की दुसरा मालक शोधण्यास साठ दिवसांपर्यंतच सवड मिळते. वातानुकूलित कचेरीत बसणारा अभियंता आणि सेंटरिंगच्या फळीवर उभा असलेला सुतार यांच्या पगारात जमीनअस्मानाचे अंतर असेल, परंतु दोघांचेही राहणे दुसऱ्याच्या सहीवर आहे. आपल्या ज्ञातीत पहिल्याला वरच्या पंक्तीस आणि दुसऱ्याला खालच्या पंक्तीस बसविण्याची जी चाल पडत आहे, ती आम्हांस मुळीच रुचत नाही.

जर्मनीचेही नाव अलीकडे फार ऐकू येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्र शासनाने त्या देशातील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठविण्याचा करार केला. १ जून २०२४ पासून जर्मनीने 'संधिपत्र' नावाचा परवाना काढला. त्यावर मालक आधी न ठरवताही तेथे जाऊन एक वर्षपर्यंत काम शोधता येते. मालकाच्या सहीवाचून दार उघडणारा म्हणून हा परवाना आम्हांस इतरांहून बरा वाटतो. पण त्यासाठी दोन वर्षांचे मान्य शिक्षण, थोडी जर्मन किंवा चांगली इंग्रजी भाषा आणि वर्षभर निर्वाह होईल इतका पैसा गाठीस लागतो. आय. टी. आय. मध्ये सुतारकाम शिकणाऱ्या मुलांनी रिकाम्या संध्याकाळी जर्मन शिकावी. बापाकडून हात शिकता येतो, प्रमाणपत्र मात्र मिळत नाही, आणि परदेशात आज हाताआधी प्रमाणपत्र पाहतात. सौदी अरबस्तानाने तर अनेक कसबांच्या लोकांस निघण्यापूर्वी येथेच परीक्षा ठेवली आहे.

आता थोडे कटू बोलणे आहे. या सभेत नोकरी करणारे आहेत तसे नोकरी देणारेही आहेत. हिंगण्यास व बुटीबोरीस आपल्यापैकी काहींचे कारखाने आहेत, काही फर्निचरची कंत्राटे घेतात. त्यांच्याकडे बिहार, उत्तर प्रदेश, छत्तीसगड येथील कारागीर काम करतात. त्यांना परवाना लागत नाही, कारण देश त्यांचाच आहे. पण मालकाची बाजू आम्ही समजू शकतो. माणूस रेल्वेचे भाडे देऊन आणावा, उचल द्यावी, आणि छटपूजेस गेलेला तो परत येऊ नये, म्हणजे अंगावर घेतलेले काम अडते. येथवर ठीक. परंतु म्हणून त्याचे आधारकार्ड आपल्या गल्ल्यात ठेवणे, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे. आपल्या मुलाचे पारपत्र अरबाने कपाटात ठेवले तर तो जुलूम, आणि दुसऱ्याच्या मुलाचे कार्ड आपण गल्ल्यात ठेवले तर तो व्यवहार, हे कोणत्या न्यायाने? आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा होता. आता त्याच्या जागी नवी श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. परप्रांतीय दहा किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाने त्यांना वर्षातून एकदा गावी जाण्यायेण्याचे भाडे द्यावे, अशी त्यात तरतूद आहे. आपल्यापैकी किती जणांस हे ठाऊक होते? आम्हांस येथे समोर बसलेली काही तोंडे खाली गेलेली दिसतात. राग नसावा, आम्ही वयाने वडील आहोत म्हणून बोललो.

देशांतराचा १९८३ चा कायदाही आता जाणार अशी चिन्हे आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नव्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला. दहावी उत्तीर्णांच्या नोंदीचा व दलालांच्या पावतीचा प्रश्न मंडळाने लिहून मंत्रालयाकडे धाडावा, असा अर्ज आम्ही चिटणिसांकडे दिलेला आहे. गोखल्यांचा १९१२ चा ठराव पडला होता, तरीही पाच वर्षांत भरती बंद झाली, एवढे चिटणिसांनी लक्षात घ्यावे आणि अर्ज फाइलीत झोपवू नये.

मंडळाच्या परवानगीने एक व्यवस्था सुरू करीत आहोत. दर रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात आम्ही व बँकेतून निवृत्त झालेले दोन गृहस्थ मंडळाच्या कार्यालयात बसू. परदेशी जाणाऱ्याने येताना करार, व्हिसाची प्रत आणि दलालाचा नोंदणी क्रमांक आणावा. तो क्रमांक खरा की खोटा हे ई-मायग्रेटवर तेथल्या तेथे पाहता येते. व्हिसा प्रवाशाचा आहे की नोकरीचा, एवढे तरी आम्ही पाच मिनिटांत सांगू. पैसे देण्यापूर्वी यावे. दिल्यानंतर आलात तरी कागद वाचून देऊ, परंतु तेव्हा आमच्या हाती फारसे काही राहत नाही. मुलाबरोबर त्याच्या आईनेही यावे, कारण कराराची दुसरी प्रत घरात तिच्याजवळ राहिलेली बरी. फी नाही. चष्मा आमचा आम्ही आणू.

अध्यक्षमहाराजांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे आणि बक्षीससमारंभासाठी मुले ताटकळत आहेत. आम्ही आपली रजा घेतो.